तीस तारखेचा दर

“वहिनी, तीस तारखेच्या सैपाकाले कोनाले सांगतलं तुमी?” पुंडलिकरावांनी फोनवर विचारलं, तेव्हा पद्मा खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात उकिडवी बसून जाळीत अडकलेले केस काढत होती. सकाळी गेलेल्या पाहुण्यांतल्या कुणा बाईचे केस होते ते, लांब, मेंदी लावलेले, आणि जाळीतून निघता निघत नव्हते. फोन तिने खांद्याने कानाशी दाबून धरला होता. “कुठला स्वयंपाक, भाऊजी?” तिने अर्धं लक्ष केसांत ठेवून विचारलं. पलीकडे पुलगावात तिचे दीर हसले. त्यांना वाटलं वहिनी थट्टा करतेय. “अवो, दादाच्या वर्षश्राद्धाचा. कार्तिक वद्य सप्तमी तीसले हाय ना, सोमवारी. गुरुजीले म्या कवाच सांगून ठेवलं. साडेदहाले येतो म्हने. मिहीरचंबी तिकीट झालं. आमच्या इकून बारा मानसं धरजा.” पद्मा म्हणाली, “हो, बारा.” मग म्हणाली, “नळ चालू आहे, मागून करते फोन.” नळ चालू नव्हता.

केस मुठीत धरून ती तशीच उकिडवी बसून राहिली. चौदा दिवस. अकरा तारखेपासून आज पंचवीसपर्यंत चौदा दिवस ती या माणसावर जळत होती. सख्खा धाकटा भाऊ, ज्याच्या डेपोतल्या नोकरीसाठी तिच्या नवऱ्याने, माधवने, उन्हातान्हात पुलगावच्या खेपा घातल्या, ज्याच्या पोरीच्या लग्नात माधव पाच दिवस चपला न काढता राबला, त्या भावाला दादाचा दिवस आठवला नाही, याचा तिला असा संताप आला होता की तिने त्या चौदा दिवसांत त्यांचे दोन फोन उचलले नव्हते आणि तिसरा आज उचलला तो फक्त ओल्या हाताने चुकून. आणि आता हा माणूस तिला सांगत होता की त्याने गुरुजी ठरवले, माणसं मोजली, सगळं केलं. तिचा राग एकदम बिनघराचा झाला. तो गेला मात्र नाही. छातीत होता तसाच होता, फक्त त्याला आता कुणाच्या दारात जाऊन बसावं ते कळेना.

माधव गेला अकरा नोव्हेंबरला, सकाळी सातला, खालच्या हॉलमधल्या खाटेवर, चहाचा कप हातात घेताघेता. डॉक्टरांनी कागदावर तारीख लिहिली आणि ती तारीख मग तिच्या हाताला चिकटली. मृत्यूच्या दाखल्यावर अकरा अकरा, पेन्शनच्या अर्जावर अकरा अकरा, बँकेत, गॅसवाल्याकडे, विजेच्या मीटरचं नाव बदलताना, घराच्या फेरफारात. पद्मा एकतीस वर्षं शाळेत लिपिक होती. हजारो पोरांच्या जन्मतारखा तिने शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात उतरवल्या, आणि कुणी येऊन ‘पोराचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा’ असं सांगू लागला की ती पेन खाली ठेवून म्हणायची, “तारीख सांगा.” तिथी कुठल्याच ऑफिसात लागत नाही. तिथ्या माधवकडे असायच्या. त्याच्या वडिलांची, आईची, एका लहानपणी गेलेल्या बहिणीची. दिवाळी झाली की तो चष्मा कपाळावर चढवून भिंतीवरच्या कॅलेंडरात नाक खुपसायचा आणि सांगायचा, अमुक दिवशी आईचं. मग ती वडे, खीर, भाज्या, सगळं करायची. दिवस त्याने सांगायचा आणि स्वयंपाक तिने करायचा, असं चौतीस वर्षं चाललं. त्याचाच दिवस सांगायची वेळ आली तेव्हा सांगणारा नव्हता. आणि महिन्याची श्राद्धं गुरुजींनी तेराव्याच्या आत एकदम उरकून दिली होती, त्यामुळे वर्षभर कुणी तिला तिथी विचारलीही नाही. मरायच्या आधी एकदा तरी सांगायचंस, माझं तू तारखेनं करू नकोस म्हणून, असं तिच्या मनात आलं, आणि ती माधववरही चिडली. मेलेल्या माणसावर चिडताना काही रोखून धरावं लागत नाही, म्हणून त्याच्यावर ती सगळ्यात जास्त चिडली.

अकरा तारखेला तिने पाहुण्यांना भाड्याने द्यायचा खालचा मजला बंद ठेवला होता. बुकिंगच्या ॲपवर त्या दिवसावर काट मारली होती, एक महिना आधीच. सकाळी डोक्यावरून अंघोळ केली, हॉलमध्ये माधवचा फोटो आणून ठेवला, हार घातला. पाहुण्यांसाठी घेतलेल्या, पसरला की पलंग होणाऱ्या सोफ्याच्या कडेला ती बसली आणि वाट पाहू लागली. कुणी आलं नाही. ती भाऊबीज होती. अख्ख्या सिंदी मेघे वस्तीत गाड्या लागल्या होत्या, शेजारच्यांच्या पोरी जरीच्या साड्या नेसून पायऱ्या चढत-उतरत होत्या, अकरा वाजता कुणीतरी फटाक्यांची माळ लावली तिचा धूर थेट हॉलमध्ये आला. दुपारी घरच्या ग्रुपवर पुंडलिकरावांचा फोटो आला. हिंगणघाटला बहिणीकडे, पाटावर, कपाळाला टिळा, तोंडात करंजी. दादा जाऊन वर्ष झालं त्या दिवशी तोंडात करंजी. दोन वाजता तिने हार काढला. चार वाजता मिहीरचा मेसेज आला, पुण्याहून. तिला वाटलं, आला शेवटी, पोटचा आहे. मेसेज असा होता: ‘आई, शेवटच्या आठवड्याचे रेट बघ जरा. लग्नं सुरू होतायत. बाकी महिनाअखेरीला येतोय तेव्हा बोलू.’

रागात माणसं भांडी आपटतात. पद्माने दर वाढवले.

ते तिला चांगलं जमत होतं, हेही खरं. माधव गेल्यावर मिहीर म्हणाला, एकटीनं एवढं घर घेऊन काय करणार, तू वर राहा, खालचं आपण रोजाच्या भाड्याने देऊ, दवाखाना जवळ आहे, लोक येत राहतात. त्याने एसी लावला, गादी बदलली, दाराला आकडे दाबून उघडणारी पेटी बसवली, फोटो काढले आणि ॲपवर नाव टाकलं, ‘पीसफुल फॅमिली होम, सिंदी मेघे’. पद्मा वरच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत गेली. पहिल्या पाहुण्यांकडून पैसे घेताना तिला इतकी लाज वाटली की तिने त्यांना दोनदा चहा नेऊन दिला आणि निघताना डब्यात पोळ्या बांधून दिल्या. माधव असता तर त्याने पैसेच घेऊ दिले नसते. पण तीन महिन्यांत लाज गेली. परीक्षा कधी, दीक्षांत कधी, दवाखान्यात शिबिर कधी, याची तिला आपोआप खबर लागू लागली. रविवारी अठराशे, मंगळवारी बाराशे. दोन रात्री रिकाम्या राहत असतील तर शंभर कमी केले की कुणीतरी येतं, आणि भरणारच असतील तर घाई करून स्वस्तात द्यायच्या नाहीत. हे ती कुणाकडून शिकली नव्हती. मिहीर फोनवर कौतुकाने म्हणायचा, “आई, तू तर माझ्याही पुढे गेलीस.” तिला ते आवडायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखा लिहिलेल्या बाईला पहिल्यांदा तारखांवर स्वतःचा आकडा टाकता येत होता, आणि पलीकडचा माणूस तो मुकाट्याने मान्य करत होता.

तर अकरा तारखेला, हार काढलेला फोटो वर नेऊन समोर ठेवून, ती वरच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर मोबाइल घेऊन उभी राहिली. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त मागच्या पानावर ओळीने छापलेले होते. एकेक मुहूर्त बघायचा आणि ॲपवर त्या तारखेवर बोट ठेवायचं. कुणाला काही वाटत नाही ना? मग मला तरी का वाटावं? घ्या. बावीसला तीन हजार. सव्वीसला तीन हजार. एकोणतीस, तीस, एक, सलग तीन दिवस मुहूर्त, छत्तीसशे. बाराशेचे सरळ तिप्पट. इतका दर या गल्लीत कुणी लावला नव्हता. ती जणू पुंडलिकरावांच्या तोंडावर, मिहीरच्या तोंडावर, जरीच्या साड्यांच्या आणि धुराच्या तोंडावर एकेक आकडा मारत होती. झाल्यावर तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, एकोणतीस ते दोन, तीन रात्री, कुणीतरी छत्तीसशेने घेतल्या. ती मोठ्याने म्हणाली, “बघा.” कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आता ती न्हाणीघरातून उठली, जिना चढून वर गेली आणि त्याच कॅलेंडरासमोर उभी राहिली. तीस तारखेच्या चौकोनात, आकड्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘वद्य ७’ लिहिलेलं होतं. तिथेच होतं. चौदा दिवसांपूर्वी तिचं बोट या कागदाची पानं उलटत होतं तेव्हाही तिथेच होतं. आणि भाऊबीज! गेल्या वर्षी भाऊबीजेला माधव धडधाकट होता. हिंगणघाटहून बहिणीने दिलेली पॅन्ट ढिली झाली म्हणून कुरकुरत घरी आला होता, आणि त्यानंतर जवळजवळ तीन आठवड्यांनी गेला. यंदा मध्ये अधिक महिना आला, सगळे सण पुढे सरकले, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. अधिकाचे अनारसे शेजारणीने आणून दिले होते, तिने खाल्ले होते. भाऊबीज आणि माधवचा दिवस एका दिवशी येऊच शकत नाही, हे शेंबड्या पोराच्याही लक्षात आलं असतं. ती मात्र फटाक्यांचा धूर डोळ्यांत घेऊन दिवसभर बसली आणि जगाला शिव्या देत राहिली.

तिने मिहीरला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, तरी उचलला. “तीसला बाबांचं आहे हे मला सांगायला काय झालं होतं तुला?” ती म्हणाली.

“अगं, मी म्हटलं होतं ना, महिनाअखेरीला येतोय.”

“कशाला येतोस ते नाही म्हणालास.”

“आई, कशाला म्हणजे? बाबांच्या वर्षश्राद्धाला येतोय हे तुला काय सांगायचं? काकांनी मला गुरुजींचं सगळं सांगितलं, मला वाटलं तुमचं बोलणं झालंय.” मग कीबोर्डवर त्याच्या बोटांचा आवाज आला. “आई, एकोणतीस ते दोन बुकिंग दिसतंय. छत्तीसशेने. तू तीस तारीख बंद नाही केलीस?”

“अकरा केली होती.”

“अकरा? अकरा का?”

“कारण ते अकराला गेले, म्हणून!” पद्मा इतक्या जोरात ओरडली की खालच्या रस्त्याने जाणारा भाजीवाला वर बघू लागला. “अगं आई...” मिहीर म्हणाला. तिच्या लक्षात आलं की हा पोरगा आता तिची कीव करतोय, आणि कीव तिला चालणार नव्हती. त्याने रागवावं, म्हणजे तिला उलटून बोलता येईल. पण त्याने रागावल्यासारखं काही केलं नाही. हळू आवाजात म्हणाला, “बरं, ऐक. आपण रद्द केलं तर दंड कापतात, आणि नावापुढचा तो चांगल्या घरमालकाचा तारा जातो, मग वर्षभर मिळत नाही. त्या पाहुण्यालाच त्याच्याकडून रद्द करायला सांग. काहीतरी कारण दे. पाणी नाही म्हण. पैसे पूर्ण परत देतो म्हण. करेल तो.”

बापाचं श्राद्ध आणि याला ताऱ्याची पडलीय, असं तिला वाटलं, आणि तिच्या तोंडात ते येतच होतं. पण तारा तिलाही हवा होता. मार्चमध्ये तो मिळाला तेव्हा तिने त्या पानाचा फोटो काढून शाळेतल्या जुन्या बायकांना पाठवला होता. तिने काही न बोलता फोन ठेवला, आणि मुलाने सांगितलं तेच करायला बसली. त्याबद्दलही तिला स्वतःचा राग आला.

वरच्या खोल्यांत श्राद्ध होण्यासारखं नव्हतं. एकात तिचा पलंग आणि कपाट, दुसऱ्यात ओटा आणि देव. जिना लोखंडी, उभा. पुंडलिकरावांचे दोन्ही गुडघे गेलेले, नणंदेला तर धरून चालवावं लागतं. बारा माणसं, पुन्हा गुरुजी. आणि मुख्य म्हणजे माधव खाली राहिला, खाली गेला. त्याला पिंड त्याच हॉलमध्ये द्यायचे, याबद्दल तिच्या मनात दुसरा विचार आलाच नव्हता. तिने ॲप उघडलं. कुंदन उईके, तीन जण. नाव वाचल्यावर तिला जुने मेसेज आठवले. दहा तारखेला या माणसाने लिहिलं होतं, मायचं मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं आहे, एकोणतीसला सुट्टी देतील, पण तीन दिवस रोज पट्टी बदलायची आहे, खालची खोली पाहिजे, पायऱ्या नको. आणि तिने उत्तर दिलं होतं, खालचीच आहे, पायऱ्या नाहीत, बाराशे. आज तिने ते पुन्हा वाचलं. ‘बाराशे’ तिच्याच हाताने लिहिलेलं होतं, पुढे हात जोडल्याचं चित्र.

“नमस्कार, उईके साहेब का? मी सिंदी मेघेहून बोलते आहे, तुमचं एकोणतीस तारखेचं बुकिंग आहे ना, त्याबद्दल,” ती शाळेत पालकांशी बोलायची त्या आवाजात म्हणाली.

“हो जी, बोला.” मागे दवाखान्याचा कलकलाट होता, कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता.

“एक अडचण झाली आहे. पाण्याची मोटर जळली. दुरुस्तीला आठ दिवस लागतील म्हणतात. तर तुम्ही तुमच्याकडून बुकिंग रद्द केलंत, तर पैसे पूर्ण परत मिळतील तुम्हाला. मला वाईट वाटतंय, पण...”

“पान्याचं टेन्शन नका घेऊ म्याडम,” कुंदन म्हणाला. “दोन ड्रम आनून ठेवतो म्या. फॉरेस्टमदी हाओ आमी, कारंज्याच्या पलीकडे. पानी आनाची सवय हाय.”

“नाही, तसं नाही चालणार.”

“मंग कसं हाय?”

मागच्या कलकलाटातून एका म्हातारीचा आवाज आला. त्यांच्या घरच्या भाषेत ती काही विचारत होती. पद्माला एक शब्द कळला नाही. कुंदनने तिला तोडकं उत्तर दिलं आणि पुन्हा फोनवर आला, तेव्हा त्याच्या आवाजातला ‘म्याडम’ गेला होता. “एक सांगा. दुसऱ्यानं जास्त देल्ले का? खरं सांगा. दहा तारखेले तुमीच लिवलं होतं बाराशे. म्या म्हटलं, घरी इचारतो. दोन दिसानं पाह्यलं तं छत्तीसशे. म्या काई म्हटलं तुमाले? एक शब्द नाई म्हटला. गरज आपली, घर दवाखान्याजवळ, देल्ले. आता कोनी पाच हजार देऊन राह्यला काय?”

“कोनी देऊन नाई राह्यलं!” पद्मा फाटकन म्हणाली, आणि शाळेतला आवाज कुठल्या कुठे गेला. “पैशाची गोष्टच नाई हे! माह्या नवऱ्याचं श्राद्ध हाय तीसले! ह्याच घरात गेले थे, तुमी जिथं झोपनार तिथंच गेले, अन् बारा मानसं येऊन राह्यली माह्या घरी, त्याइले म्या कुठं बसवू? रस्त्यावर?”

दवाखान्यात कुणाचं तरी नाव दोनदा पुकारलं गेलं. मग कुंदनने विचारलं, “मंग थे तारीख देल्ली काऊन जी?”

टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळत नव्हतं. घरात श्राद्ध असलेली बाई त्या दिवशीचं घर तिप्पट दराने का देईल, हे त्याला समजून घ्यायचं होतं, आणि त्याला वाटलं काहीतरी कारण असेलच. पद्माने तोंड उघडलं. पुंडलिकरावांची करंजी, मिहीरचा मेसेज, फटाक्यांचा धूर, अधिक महिना, सगळं तिच्या जिभेपर्यंत आलं. चौदा दिवस जे तिला अगदी पक्कं, कोर्टात उभं राहील असं वाटत होतं, त्यातलं एकही या माणसाला सांगता येण्यासारखं नव्हतं. मला वाटलं सगळे विसरले, म्हणून मी चिडले, म्हणून तुमच्या आजारी आईचा दर तिप्पट केला. असं कसं सांगणार? “इसरली मी,” ती म्हणाली. हा शब्द तिने चौदा दिवसांत दुसऱ्यांबद्दल किती वेळा वापरला असेल त्याला गणती नव्हती.

कुंदन फोनवरून दूर होऊन आईशी बोलला. म्हातारी बराच वेळ बोलत राहिली, आवाज चढवून. त्यातलं त्याने पद्माला काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, “माय म्हनते गावी जाऊ. पन म्या नाई नेत. साठ किलोमीटर हाय, अर्धा रस्ता खड्ड्याचा, डॉक्टरनं साफ नाई म्हटलं. दुसरीकडे म्या आताच पाह्यलं, लग्नाईची गर्दी हाय, खालची खोली एकबी नाई. तुमाले रद्द कराचं असंन तं तुमी करा. तुमचं घर हाय. म्या माह्या हातानं नाई करत.” आणि त्याने फोन ठेवला.

पद्माने ॲपवर ते पान उघडलं. ‘रद्द करण्याचे कारण निवडा’. खाली यादी होती. दुरुस्ती सुरू आहे. आजारपण. घरातील व्यक्तीचे निधन. दर चुकीचा टाकला गेला. ती यादी दोनदा वाचून तिला हसू येईल की काय असं वाटलं, पण आला तो रागच, आणि आता तो कुणावर आहे याचा शोध घ्यायची गरज राहिली नव्हती. तो माणूस तिला चूक म्हणाला नव्हता. त्याने शिवीगाळ केली असती, ग्राहक मंचाची धमकी दिली असती, तर तिने त्याच क्षणी बटण दाबलं असतं. त्याने फक्त एक साधी गोष्ट तिच्या हातात ठेवून दिली: हे तुमचं घर आहे, तुमचा दर आहे, तुमची तारीख आहे, आता काय करायचं ते तुम्ही करा. एकतीस वर्षं ती काउंटरच्या आतल्या बाजूला बसली होती, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला नियम सांगून परत पाठवणं तिला कधी जड गेलं नव्हतं. आता ते जड जात होतं, आणि तेही तिला आवडत नव्हतं. तिला माधवसाठी ते घर पाहिजे होतं. आतड्यापासून पाहिजे होतं. पायऱ्या चढता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला एकोणतीस तारखेला दवाखान्याच्या दारात उभं करून, त्या हॉलमध्ये माधवसाठी पान वाढायचं, असं चित्र तिने डोळ्यांसमोर आणून पाहिलं. खीर वाढली, वडे वाढले. माधव त्या पानावर बसेना.

तिने मागे जाण्याचं बटण दाबलं. कुंदनला लिहिलं, ‘या. मोटर ठीक आहे. खोली तुमचीच आहे.’ दराबद्दलही काही लिहावं असं तिच्या मनात आलं, बोट त्यासाठी थांबलंही, पण आत्ताच खोटं बोललेल्या तोंडाने सूट देणं तिला शोभेना. ते त्यांच्या पुढ्यात, समोरासमोर करायला हवं होतं. मग तिने दिरांना फोन लावला. एका घंटीत उचलला गेला.

“भाऊजी, श्राद्ध पुलगावले करा. तुमच्या घरी. मी अन् मिहीर सकाळच्या गाडीनं येतो. सामान सगळं मी आनते.”

“काऊन?” पुंडलिकराव म्हणाले. “दादाचं सोताचं घर असतानी पुलगावले काऊन? गुरुजी काय म्हनतीन? अन् मी काय म्हनू लोकाइले?”

“घर खाली नाई, भाऊजी.”

“खाली नाई म्हंजे?”

“भाड्यानं देल्लं हाय. एकोणतीसपासून दोनपर्यंत.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हातारा उठून उभा राहिला असावा, त्या गुडघ्यांवर. “दादाच्या दिवशी? कोनं देल्लं? मिहीरनं? त्या पोट्ट्याच्या हातात मोबाइल आला का त्याले मायबाप दिसत नाई. थांबा, मीच लावतो त्याले फोन. लाज वाटाले पाह्यजे...”

चौदा दिवस पद्मा जो गुन्हेगार शोधत होती तो तिला आयता मिळाला होता. हो म्हटलं असतं तर झालं असतं. मिहीर पोरगा आहे, काकांच्या दोन शिव्या खाऊन गप्प बसला असता, आईसाठी तेवढं त्याने केलंही असतं.

“मिहीरनं नाई,” ती म्हणाली. “मी देल्लं.”

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली, पुंडलिकराव खाली बसले असावेत. मग त्यांनी विचारलं, “कितीले?”

“छत्तीसशे,” पद्मा म्हणाली. “एका रात्रीचे.”